आकडेमोड एक, विषय तीन : आठवी ते बारावीच्या वर्गांसाठी हिशेबाची तयारी

एक मजूर काम २० दिवसांत करतो, दुसरा ३० दिवसांत. दोघे मिळून किती दिवस लागतील? दहावीच्या वर्गात हे विचारलं की बऱ्याच मुलांचं उत्तर १२ येतं. त्याच मुलांना विज्ञानाच्या तासाला २० ओहम आणि ३० ओहमचे रोध समांतर जोडायला सांगा. अपूर्णांक तेच, बेरीज तीच, उत्तरही १२ ओहम. पण इथे कुणी ५० लिहितो, कुणी २५, आणि कुणी ५/६० वर येऊन थांबतो, ते उलटं करायचं राहून जातं. पुढे भिंगाच्या सूत्रात नाभीय अंतर २० सेमी, वस्तू ३० सेमीवर, म्हणजे १/२० वजा १/३०, उत्तर १/६०, प्रतिमा ६० सेमीवर. तिथेही वहीत १/६० हेच शेवटचं उत्तर म्हणून सापडतं.

याचं कारण मुलांना अपूर्णांक येत नाहीत हे नाही. तीन तासांना तीन शिक्षक एकच कौशल्य तीन वेगळ्या नावांनी शिकवतात आणि मुलांच्या डोक्यात ते तीन वेगळ्या कप्प्यांत जाऊन बसतं. त्यावरचा उपाय एका शाळेच्या आवाक्यातला आहे: गणित, विज्ञान आणि अर्थशास्त्र शिकवणाऱ्यांनी एकत्र बसून एक मांडणी ठरवायची आणि आठ आठवडे ती तिन्ही तासांना चालवायची. पुढची उदाहरणं कोल्हापूर जिल्ह्यातली घेतली आहेत, कारण ऊस, दूध, फाउंड्री आणि पूर यांचे आकडे इथल्या मुलांच्या कानावर रोज पडतात. आकडा ओळखीचा असला की चुकलेलं उत्तर मुलाला स्वतःलाच खटकतं, आणि हिशेब शिकवताना ते खटकणंच सगळ्यात उपयोगी पडतं.

आधी चाचणी, मग शिकवणी

पहिल्या आठवड्यात ३० मिनिटांची लेखी चाचणी घ्या. गुण नकोत, नाव हवं. दहा प्रश्न पुरे, पण प्रत्येक प्रश्न असा निवडा की चुकीच्या उत्तरावरून नेमकं काय कच्चं आहे ते कळेल. आम्ही सुचवतो ते असे:

१. ०.३ × ०.२ किती? (०.६ लिहिणाऱ्याचं दशांश चिन्हाचं स्थान कच्चं आहे.)
२. ६ ÷ ०.५ किती? (३ आलं तर भागाकाराने संख्या लहानच होते अशी समजूत घट्ट बसली आहे.)
३. पाऊण तासाची मिनिटं किती? (७५ म्हणजे तासाचे १०० भाग धरले.)
४. ताशी ७२ किमी म्हणजे सेकंदाला किती मीटर? (२५९.२ म्हणजे ३.६ ने भागायच्या जागी गुणलं.)
५. २.५ चौरस मीटर म्हणजे किती चौरस सेंटिमीटर? (२५० हे सगळ्यात जास्त दिसणारं चुकीचं उत्तर. बरोबर २५,०००.)
६. एका वस्तूची किंमत २० टक्के वाढली, नंतर २० टक्के उतरली. मूळ किमतीला आली का? (नाही, ४ टक्के कमी.)
७. अंतिम वेग = सुरुवातीचा वेग + त्वरण × काळ. यातून काळ काढा. (कंस न घालता फक्त सुरुवातीच्या वेगाला त्वरणाने भागणारे बरेच निघतात.)
८. ३ × १०^५ + २ × १०^४ किती? (५ × १०^९ आलं तर बेरीज आणि गुणाकाराचे नियम एकमेकांत मिसळले आहेत. बरोबर ३.२ × १०^५.)
९. म्हशीचं ४० लिटर दूध ६.५ फॅटचं आणि गाईचं १० लिटर ३.५ फॅटचं एकत्र केलं. फॅट किती? (५ आलं तर भारित सरासरी माहीत नाही. बरोबर ५.९.)
१०. आकडेमोड न करता सांगा: ४८.७ × ०.५२ हे २.५, २५ की २५० च्या जवळ?

उत्तरं तपासताना बरोबर-चूक अशी खूण पुरत नाही. प्रत्येक चुकीपुढे एक अक्षर लिहा: ‘वा’ म्हणजे प्रश्न नीट वाचला नाही, ‘मा’ म्हणजे मांडणी चुकली, ‘ए’ म्हणजे एकक, ‘आ’ म्हणजे निव्वळ आकडेमोड. वर्गाची बेरीज एका कागदावर मांडा. ‘मा’ आणि ‘ए’ जास्त निघाले तर पाढे पाठ करून घेण्यात वेळ घालवू नका, दुखणं दुसरीकडे आहे. ‘आ’ जास्त निघाले तर मात्र पाढ्यांना पर्याय नाही. २० पर्यंतचे पाढे, ३० पर्यंतचे वर्ग आणि १५ पर्यंतचे घन तोंडपाठ हवेतच, कारण बोर्डाच्या गणिताच्या पेपराला कॅल्क्युलेटर चालत नाही.

पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी हे जुने पाढे आता फारसे कुणी म्हणून घेत नाही. सगळे परत आणायला हवेत असं नाही, पण पावकी, पाऊणकी आणि सवायकी या तीन अवश्य घ्या. २५ टक्के म्हणजे पावकी, ७५ टक्के म्हणजे पाऊणकी, आणि २५ टक्के वाढ म्हणजे सवापट. सवापट झालेली रक्कम मूळ पदावर आणायची तर सव्वाने भागायचं, म्हणजे ४/५ पट करायची, म्हणजे २० टक्केच कमी करायचे. हा उलटा हिशेब ज्याला तोंडी जमतो त्याचा सहावा प्रश्न चुकत नाही.

तिन्ही तासांना एकच मांडणी

दुसरं काम शिक्षकांचं. एक तास एकत्र बसा आणि प्रत्येक उदाहरणासाठी पाच ओळी ठरवा: दिलेलं (प्रत्येक आकड्यापुढे एकक), काढायचं, अंदाज, आकडेमोड, ताळा. शाब्दिक उदाहरण मग ते अर्थनियोजनाचं असो, उष्णतेचं असो की मागणीच्या लवचिकतेचं, वहीत याच पाच ओळी दिसल्या पाहिजेत. अर्थशास्त्राच्या शिक्षकांना हे सुरुवातीला जाचक वाटेल, कारण त्यांचे सगळेच प्रश्न आकड्यांचे नसतात. त्यांनी फक्त आकड्यांच्या प्रश्नांना पाच ओळी लावाव्यात.

सराव चाचणीत गुणही याच पाच ओळींवर द्या, प्रत्येक ओळीला एक. बरोबर उत्तराला पाचपैकी एकच गुण मिळतो हे मुलांना पहिल्यांदा पटत नाही, विशेषतः हुशार मुलांना. पण ओळी मोडू देऊ नका. पायऱ्या न लिहिता उत्तर काढणारं मूल अकरावीत भौतिकशास्त्राच्या चार पायऱ्यांच्या उदाहरणात अडकतं, आणि तोवर सवय बदलायला उशीर झालेला असतो.

सूत्रातून हवी ती राशी वेगळी काढण्याबद्दल शिक्षकांमध्ये मतभेद असतात: आधी सूत्र फिरवायचं की आधी किमती घालायच्या? आमचं मत असं की नववी-दहावीला आधी किमती घालू द्या. ३० = १० + ४ × काळ हे त्यांच्या ओळखीचं एका चलातलं समीकरण होतं आणि कंसाची चूक आपोआप टळते. अकरावीपासून मात्र आधी सूत्र फिरवायची सवय लावा, कारण तिथे किमती अवघड असतात आणि लवकर घातल्या तर तीच गैरसोयीची आकडेमोड दोनदा करावी लागते.

अंदाज: आकडेमोडीच्या आधी, नंतर नव्हे

पाच ओळींतली सगळ्यात दुर्लक्षित ओळ अंदाजाची. मुलं आधी उत्तर काढतात, मग त्याच्या जवळचा आकडा अंदाज म्हणून लिहितात. हे थांबवायला एकच रीत चालते: प्रश्न फळ्यावर लिहा, ३० सेकंद द्या, अंदाज पेनाने लिहून घ्या, चार-पाच जणांकडून तो मोठ्याने वदवून घ्या आणि मगच बाकीची उकल पेन्सिलने सुरू करू द्या.

अंदाज कसा करायचा तेही शिकवावं लागतं. प्रत्येक संख्या एका सार्थ अंकावर आणा, जसं ४८.७ ला ५०. गुणाकारात एक संख्या वर ढकलली असेल तर दुसरी शक्यतो खाली ढकला. भागाकारात दोन्ही एकाच दिशेने ढकला. असं केलं की चूक एकमेकींत बऱ्यापैकी जिरते.

पावसाळ्यात इथल्या प्रत्येक घरात बोलला जाणारा आकडा घेऊ. राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत आणि एक दरवाजा उघडला की १४२८ क्युसेक पाणी सुटतं. चार दरवाजे उघडे असतील तर एक टीएमसी पाणी सुटायला किती वेळ लागेल?

दिलेलं: १ क्युसेक म्हणजे सेकंदाला १ घनफूट; १ टीएमसी म्हणजे १०० कोटी घनफूट, म्हणजे १०^९; विसर्ग ४ × १४२८ = ५७१२ घनफूट दर सेकंदाला. अंदाज: ५७१२ ला ६००० धरा. १०^९ ÷ (६ × १०^३) म्हणजे सुमारे १.७ × १०^५ सेकंद. एका दिवसात ८६,४०० सेकंद, म्हणजे जवळपास ९ × १०^४. तेव्हा उत्तर दोन दिवसांच्या आसपास यायला हवं. आता नेमकी आकडेमोड: १०^९ ÷ ५७१२ = १,७५,०७० सेकंद, ÷ ३६०० = ४८.६ तास. अंदाजाशी जुळलं.

या एका उदाहरणात काय काय चुकतं ते पाहा. कोटी आणि घातांक यांचा मेळ बसत नाही: १०० कोटीत किती शून्यं, इथे गडबड होते. मुलांना लाख १०^५, कोटी १०^७, अब्ज १०^९ हे तीनच पाठ करू द्या, बाकी त्यावरून निघतं. दुसरी चूक सेकंदांचे तास करताना ६० ने एकदाच भागण्याची. अंदाज लिहिला असेल तर २९१८ तास हे उत्तर मुलाला लगेच खटकतं, कारण ते चार महिने होतात. अंदाज नसेल तर तोच आकडा दोन रेघांमध्ये बंदिस्त होऊन वहीत बसतो.

याचाच पुढचा प्रश्न गृहपाठाला द्या: दिवसाला बरोबर एक टीएमसी पाणी सुटायचं तर विसर्ग किती हवा? १०^९ ÷ ८६,४०० म्हणजे सुमारे ११,५७४ क्युसेक. हा आकडा ज्याने स्वतः काढला तो धरणाच्या विसर्गाची बातमी वेगळ्या नजरेने वाचतो.

एककांची साखळी

एकक बदलताना गुणायचं की भागायचं हे लक्षात ठेवायला लावू नका. एकक आकड्यासारखंच छेदता येतं, हे शिकवा. ७२ किमी/तास × १००० मी/१ किमी × १ तास/३६०० से. वरचा किमी खालच्या किमीबरोबर कापा, तास तासाबरोबर कापा, उरलं मीटर प्रति सेकंद, उत्तर २०. साखळी उलटी लिहिली तर एककं कापलीच जात नाहीत, आणि चूक तिथल्या तिथे पकडली जाते. पहिले दोन आठवडे मुलांना एकक लाल पेनाने खोडायला लावा.

वीजबिलाचं उदाहरण सगळ्या विज्ञानाच्या शिक्षकांच्या हाताशी असतं. १५०० वॅटचा गिझर रोज २० मिनिटं, ३० दिवस. १.५ किलोवॅट × १/३ तास × ३० = १५ युनिट. १५०० × २० × ३० = ९,००,००० लिहून पुढे दर गुणणारी मुलं असतात. त्यांना विचारा, ‘नऊ लाख काय?’ वॅट-मिनिट असं उत्तर त्यांच्या तोंडून आलं की पुढचा रस्ता त्यांनाच सापडतो.

चौरस आणि घन एककांना मात्र वेगळा वेळ द्या. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रींमुळे इथे एक चांगला प्रश्न तयार मिळतो. बिडाची (ओतीव लोखंडाची) एक चौकोनी ठोकळ्यासारखी कास्टिंग २०० × १५० × ५० मिमी आहे. वजन किती? घनफळ १५,००,००० घन मिमी. एका सेंटिमीटरात १० मिमी म्हणून १० ने भागलं तर १,५०,००० घन सेमी येतात आणि ७.२ ग्रॅम प्रति घन सेमी घनतेने वजन एक टनाच्या वर जातं. हातात मावणाऱ्या तुकड्याचं. खरं तर १० × १० × १० म्हणजे १००० ने भागायचं: १५०० घन सेमी, × ७.२ = १०,८०० ग्रॅम, १०.८ किलो.

इथेच पुढे जाता येतं. वितळलेलं बीड थंड होताना आकसतं, म्हणून पॅटर्न (ज्यावरून साचा बनवतात तो नमुना) थोडा मोठा करतात. राखाडी बिडासाठी लांबीत सुमारे १ टक्का धरला तर २०० मिमीच्या जागी २०२ मिमी. लांबी १ टक्का वाढली तर घनफळ किती वाढलं? १.०१ × १.०१ × १.०१ = १.०३०३, म्हणजे साधारण ३ टक्के. दहावीच्या भूमितीतलं समरूप त्रिकोणांच्या क्षेत्रफळांचं प्रमेय आणि हा ३ टक्के यांचं मूळ एकच: लांबीचं गुणोत्तर क्षेत्रफळात वर्ग होऊन येतं, घनफळात घन होऊन. हे दोन्ही एकाच आठवड्यात घेतले तर चांगलं.

शेकडेवारी: ‘कशाचे टक्के?’

तिन्ही विषयांत मिळून सगळ्यात जास्त गुण इथे जातात. टक्के काढता येत नाहीत म्हणून जात नाहीत, कशाचे टक्के हे ठरवलेलं नसतं म्हणून जातात. टक्क्याचा कोणताही प्रश्न आला की मुलाने आधी ‘१०० म्हणजे काय?’ ही ओळ लिहावी.

सर्वात सोपी पायरी जीएसटीची. कोल्हापुरी चपलेची ५ टक्के जीएसटीसह किंमत १२६० रुपये. मूळ किंमत किती? १०० म्हणजे मूळ किंमत, १०५ म्हणजे १२६०. तेव्हा १२६० ÷ १.०५ = १२०० रुपये. १२६० चे ५ टक्के म्हणजे ६३ वजा करून ११९७ लिहिणाऱ्याने करासकटच्या किमतीला १०० धरलं. ताळा लगेच घेता येतो: ११९७ वर ५ टक्के चढवा, १२५६.८५ येतात, १२६० नाही.

दुसरी पायरी उसाच्या दराची. ऊसकरी घरातल्या मुलाला ‘उतारा’, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचे टक्के, समजावून सांगावा लागत नाही. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने एफआरपी (उसाचा रास्त आणि किफायतशीर दर) १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये ठरवली, आणि त्यावर उताऱ्याच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३.४६ रुपये वाढ. उदाहरणापुरता उतारा १२.२५ टक्के धरू. फरक २.००, म्हणजे ०.१ चे २० टप्पे. २० × ३.४६ = ६९.२० रुपये. दर ४२४.२० रुपये क्विंटल, टनाला ४२४२ रुपये. यातून तोडणी-वाहतूक वजा जाते. ती समजा टनाला ९०० रुपये असेल तर हातात ३३४२.

चूक अशी होते: उतारा २ टक्क्यांनी वाढला म्हणून मूल ३५५ चे २ टक्के, म्हणजे ७.१० रुपये वाढवतं. १०.२५ वरून १२.२५ हा दोन टक्केवाऱ्यांतला सरळ फरक आहे. मूळ उताऱ्याच्या मानाने वाढ २ ÷ १०.२५, म्हणजे १९.५ टक्के होते. हीच गफलत बँकेचा व्याजदर ६ वरून ७ टक्के झाला, मतदान ६० वरून ६६ टक्के झालं, अशा बातम्यांतही होते. ‘टक्क्यांतला फरक’ आणि ‘टक्क्यांनी झालेली वाढ’ या दोन गोष्टी फळ्यावर शेजारी शेजारी लिहा आणि दोन्हींचं उत्तर प्रत्येक वेळी काढून घ्या.

तिसरी पायरी बारावीच्या अर्थशास्त्राची, मागणीच्या लवचिकतेची. गुळाचा भाव किलोला ५० वरून ६० झाला आणि एका दुकानातला आठवड्याचा खप २०० किलोवरून १५० वर आला. मागणीतला बदल वजा २५ टक्के, किमतीतला अधिक २० टक्के, पहिल्याला दुसऱ्याने भागलं की लवचिकता वजा १.२५. आता तोच प्रश्न उलटा करा: भाव ६० वरून ५० झाला, खप १५० वरून २००. मागणी ३३.३ टक्के वाढली, किंमत १६.७ टक्के घटली, लवचिकता वजा २. दुकान तेच, गूळ तोच, दोन बिंदूही तेच, आणि उत्तरं दोन. इथे मुलं गोंधळतात आणि गोंधळू द्यावं, कारण ‘१०० म्हणजे काय?’ हा प्रश्न इतका उघडा दुसरीकडे कुठे पडत नाही. पाया बदलला म्हणून उत्तर बदललं. दोन्हींच्या मधला पाया घेतला, म्हणजे खप १७५ आणि भाव ५५, तर कोणत्याही दिशेने सुमारे वजा १.५७ येतं. परीक्षेत मूळ किंमत आणि मूळ मागणी हाच पाया धरायचा, पण का धरायचा हे एकदा असं पाहिलेलं असावं.

विज्ञानातली टक्केवारी-चूक हीच. दोलकाच्या प्रयोगात गुरुत्व त्वरण ९.५ आलं, मान्य किंमत ९.८. चूक ०.३ ÷ ९.८, म्हणजे ३.१ टक्के. पाया मान्य किमतीचा, प्रयोगात आलेल्या किमतीचा नव्हे. आणि पगार १० टक्के वाढला, महागाई ६ टक्के, तर खरी वाढ ४ टक्के नाही: १.१० ÷ १.०६ = १.०३८, म्हणजे ३.८ टक्के. लहान टक्क्यांत नुसती वजाबाकी अंदाज म्हणून चालते, नेमकं उत्तर भागाकारानेच येतं.

भारित सरासरी एकाच आठवड्यात उरका

दूध, अणू आणि निर्देशांक हे तीन धडे तीन वेगळ्या वर्षी येतात, पण गणित एकच आहे. दुधाचं: ४० × ६.५ + १० × ३.५ = २९५, ÷ ५० = ५.९. क्लोरीनचं: सुमारे ७५ टक्के अणू ३५ वस्तुमानांकाचे, २५ टक्के ३७ चे, म्हणून ०.७५ × ३५ + ०.२५ × ३७ = ३५.५. निर्देशांकाचं: तांदूळ ४० वरून ५० रुपये, भार ३, गॅस ८०० वरून ८८० रुपये, भार १. तुलनांक (जुनी किंमत १०० धरली तर नवी किती) १२५ आणि ११०. साधी सरासरी ११७.५, भारित १२१.२५.

तिन्ही एकाच फळ्यावर, एकाखाली एक लिहा. ‘भार’ कुठे लिटर आहे, कुठे अणूंचं प्रमाण, कुठे घरखर्चातला वाटा. ताळाही तिन्हींना एकच लागतो: उत्तर दोन टोकांच्या मध्ये यायला हवं आणि ज्याचा भार जास्त त्याच्या बाजूला झुकलेलं हवं. ५.९ हे ६.५ च्या जवळ आहे, ३५.५ हे ३५ च्या जवळ. नेहमीची चूक छेदाची असते. मुलं भारांची बेरीज घेण्याऐवजी वस्तूंच्या संख्येने भागतात, २९५ ÷ २ = १४७.५ फॅट. दुधाचं उदाहरण पहिलं घ्यायचं ते याचसाठी. १४७ फॅटचं दूध डेअरीत कुणी पाहिलेलं नसतं.

आलेखाचा चढ

गणितात स्वतंत्र चल आडव्या अक्षावर घेतात. अर्थशास्त्रात मागणी वक्र काढताना किंमत उभ्या अक्षावर आणि मागणी आडव्या अक्षावर असते, जरी किमतीमुळे मागणी बदलते असं म्हणायचं असलं तरी. ही अर्थशास्त्रातली जुनी रूढी आहे आणि ती तशीच पाळायची. पण हे कुणी मुलांना उघडपणे सांगत नाही, म्हणून गणितात चांगली असलेली मुलं इथे जास्त अडतात. वरच्या गुळाच्या उदाहरणात गणिताच्या पद्धतीने चढ येतो वजा ५ किलो प्रति रुपया. अर्थशास्त्राच्या आलेखावर तोच वजा ०.२ रुपये प्रति किलो. एक दुसऱ्याचा व्यस्त आहे. एकाच आलेख कागदावर दोन्ही काढून घ्या.

चढाला एकक असतं हा नियम करा. अंतर-काळ आलेखाचा चढ मीटर प्रति सेकंद, वेग-काळाचा मीटर प्रति सेकंद वर्ग. एकक लिहिलं की चढ कशाचा दर आहे हे वेगळं समजवावं लागत नाही. अक्षावरची प्रमाणं मात्र १ सेमी = १, २ किंवा ५ (किंवा त्यांच्या दहापट) अशीच घेऊ द्या. १ सेमी = ३ घेतलेल्या आलेखावरचा बिंदू वाचताना चुकणार हे ठरलेलं.

अकरावी-बारावी विज्ञान: लॉग टेबल

बोर्डाच्या भौतिक आणि रसायनशास्त्राच्या पेपरांत लॉग टेबल चालतं, तेव्हा त्याचा हात बसायलाच हवा. राधानगरीचंच उदाहरण घ्या: लॉग ५७१२ = ३.७५६८, ९ − ३.७५६८ = ५.२४३२, प्रतिलॉग १.७५१ × १०^५. आधी भागाकाराने काढलेल्या उत्तराशी जुळतं.

खरी अडचण १ पेक्षा लहान संख्यांची. लॉग ०.०३५२ म्हणजे वजा २ अधिक ०.५४६५, वरची आडवी रेघ फक्त २ ची, दशांश भाग धनच राहतो. याचं घनमूळ काढताना ३ ने भागायचं, आणि वजा २ ला ३ ने भाग जात नाही. मग वजा २ चे वजा ३ करा आणि १ दशांश भागात मिळवा: (वजा ३ + १.५४६५) ÷ ३ = वजा १ + ०.५१५५. प्रतिलॉग ०.३२७७. ही एक पायरी न सांगितल्यामुळे मुलं रेघ विसरून भागाकार करतात. अशी पाच उदाहरणं सलग करून घेतली की पुन्हा चुकत नाही.

वेळापत्रक आणि फेरचाचणी

यासाठी वेगळा तास मागू नका, मिळणारही नाही. आठवड्यात तीन दिवस, तीन वेगळ्या विषयांच्या तासाची पहिली १० मिनिटं, आठ आठवडे. एकूण २४० मिनिटं, म्हणजे ४० मिनिटांच्या सहा तासिका. आणि प्रत्येक विषयाचा वाटा दोनच तासिकांचा. पहिल्या आठवड्यातल्या एका दिवशी मात्र चाचणीला ३० मिनिटं लागतील. क्रम असा ठेवा: पहिला आठवडा चाचणी आणि पाच ओळी, दुसरा अंदाज, तिसरा एककं, चौथा-पाचवा शेकडेवारी, सहावा भारित सरासरी, सातवा आलेख, आठव्यात सगळं मिसळून. एकाच आठवड्यात तिघांनी एकच कौशल्य आपापल्या धड्यातून घ्यायचं. गणिताच्या सरांनी सोमवारी जीएसटी घेतला तर बुधवारी विज्ञानात प्रयोगातली टक्केवारी-चूक आणि शुक्रवारी अर्थशास्त्रात लवचिकता. आठवी ते दहावीला अर्थशास्त्राच्या जागी अर्थनियोजन किंवा भूगोलातले व्यापाराचे आकडे चालतील.

आठव्या आठवड्याच्या शेवटी पहिलीच चाचणी आकडे बदलून पुन्हा घ्या आणि वा-मा-ए-आ चा कागद पहिल्या कागदाशेजारी ठेवा. ‘ए’ आणि ‘मा’ कमी झालेले दिसायला हवेत. ‘वा’ हट्टी असतो. त्यासाठी प्रश्न वाचताना दिलेल्या राशींखाली एक रेघ आणि विचारलेल्या राशीखाली दोन रेघा मारायला लावा, आणि ते वर्षभर चालू ठेवा. ‘आ’ तसाच राहिलेल्या मुलांना वेगळं बसवून रोज पाच मिनिटं तोंडी आकडेमोड द्या: दोन अंकी बेरीज-वजाबाकी, दशांशाचे गुणाकार, पावकी आणि पाऊणकी. या मुलांच्या वहीत हातचे कुठे लिहिले आहेत तेही पाहा. हातचा न लिहिता मनात धरणाऱ्यांची आणि गिचमिड आकड्यांत १ आणि ७ सारखे काढणाऱ्यांची चूक चौकटीच्या वहीत, एका चौकटीत एक अंक लिहायला लावल्यावर बरीच कमी होते.